मिराशीसाहेबांचा कालवा

"इथं कुणी उठायचं नाही," मिराशीबाई म्हणाल्या. "ताट जिथल्या तिथं राहू द्या. बंगल्यावरची बाई येऊन उचलेल."

तोवर आक्काताईंच्या हातात सगळ्यांची ताटं एकावर एक रचलेली होती. त्या अर्धवट उठलेल्या तशाच थांबल्या.

"ठेवा खाली."

"अहो बाई, आता उचललीच आहेत तर..."

"आक्काताई, ठेवा."

आक्काताईंनी ताटं ठेवली आणि रिकामे हात मांडीवर घेऊन बसल्या. लग्नाला येऊन आहेर घरीच विसरलेल्या पाहुण्यासारखं त्यांचं तोंड झालं होतं. शाहिदाभाभीला हसू आवरेना. मला मात्र हसू आलं नाही, कारण मी मघापासून दुसऱ्याच गोष्टीने ओशाळले होते. जेवताना मी चपातीचा चुरा करून आमटीत भिजवला होता, गुठळी राहिली नाही ना ते बोटांनी चेपून बघितलं होतं, आणि मग तो लगदा मीच खाल्ला होता. मला दात आहेत हे पार विसरून.

पन्हाळ्यावरच्या एका बंगल्यातली ही गोष्ट. माझी मैत्रेयी तेव्हा नऊ वर्षांची होती, आज ती तेवीस वर्षांची आहे. तिला जन्मतः सेरेब्रल पाल्सी. बसवलं तर बसते, धरलं तर राहते, सोडलं तर कलंडते. मिराशीबाई कोल्हापुरातल्या मुलींच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, आणि आमची मुलं ज्या विशेष शाळेत जात तिच्या कार्यकारिणीवर होत्या. एका सभेत त्या म्हणाल्या होत्या, "मुलांना सगळे देतात. खुर्च्या देतात, दिवाळीला फराळ देतात. आयांना कुणी काय दिलंय?" मग त्यांनी पुण्याच्या एका कंपनीच्या मागे लागून अनुदान मिळवलं. योजनेचं नाव 'उसंत'. आयांनी चार दिवस पन्हाळ्यावर राहायचं, मुलांना शाळेतच मावश्या सांभाळणार. पहिल्या खेपेला आम्ही तिघीच. आक्काताई कांबळेंची मुलगी बावीस वर्षांची, अंगाने आईच्या दुप्पट. शाहिदाभाभी मुल्लांचा मुलगा बोलत नसे, पण दार उघडं दिसलं की पळत सुटे. आणि मी, सुचेता मगदूम.

कंपनीची अट एकच होती. आयांनी खरोखर विश्रांती घेतली पाहिजे. शेवटच्या दिवशी त्यांचे कारेकर नावाचे अधिकारी बघायला येणार होते. त्यांची खात्री पटली तर योजना तीन वर्षं चालणार, वर्षातून दोनदा, आणि दर खेपेला दहा दिवस.

त्या दहा दिवसांवर माझा डोळा होता. मैत्रेयी दर वर्षी वजनाने वाढत होती आणि तिला उचलणारं माझं पोट तेच होतं. बेंबीजवळ हर्निया झाला होता. डॉक्टर सहा महिन्यांपासून ऑपरेशन करा म्हणत होते. "करा की," मी म्हणायचे, "पण नंतर?" नंतर निदान दहा दिवस तरी काहीही उचलायचं नाही, पुढेही जपून. अजित, माझे यजमान, शिरोलीच्या फाउंड्रीत. मुलीच्या फिट्सपायी त्यांची रजा वर्षाच्या सुरुवातीलाच संपत असे. सासूबाईंना स्वतःची कळशी उचलवत नव्हती. म्हणजे उसंत मंजूर झाली तर ऑपरेशन, नाहीतर पोटाला पट्टा बांधून तसंच चालायचं, आतडं अडकेपर्यंत. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. विश्रांतीच्या योजनेतून ऑपरेशन उरकणारी बाई लबाड वाटली असती.

पहिल्या दिवशी बाईंनी भिंतीवर वेळापत्रक लावलं. सकाळी श्वसन, मग 'ताणमुक्त जीवन' यावर स्वतः बाईंचं व्याख्यान, दुपारी सक्तीची झोप, संध्याकाळी गडाच्या तीन दरवाज्यापर्यंत फिरणं. घरी फोन दिवसातून एकदाच, तोही बाईंसमोर.

"शाळाच घातली की ओ आपल्याला," आक्काताई माझ्या कानात म्हणाल्या.

"उठाबशा नाहीत ते बरं," शाहिदाभाभी म्हणाली.

बाईंबरोबर त्यांचे यजमान आले होते. उंच, गोरे, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातले. "हे मिराशीसाहेब. पाटबंधारे खात्यात होते. हिशेब बघायला आलेत," बाईंनी ओळख करून दिली. साहेबांनी आम्हाला नमस्कार केला आणि मोठ्या आवाजात विचारलं, "गाडी किती वाजता?"

"गाडीचं बघू नंतर," बाई पटकन म्हणाल्या.

आम्ही जैन. दिवस मावळायच्या आत जेवतो. त्यामुळे माझं ताट साडेपाचलाच लागलं आणि सगळ्या फिरायला गेल्या तेव्हा मी एकटीच मागे राहिले. पाणी घ्यायला मागच्या पडवीत गेले. तिथे बाई साहेबांना भरवत होत्या. फिरायला त्याही गेल्यात अशी माझी समजूत होती. साहेब घास तोंडात धरून बसले होते, आणि बाई त्यांच्या गळ्यावर दोन बोटांनी हलकेच वरून खाली चोळत होत्या, घास उतरावा म्हणून.

ही गोष्ट पुस्तकात नसते. मलाही ती मैत्रेयीनेच शिकवली होती. मी पाणी न घेता परत आले.

दोघी फिरून आल्यावर मी त्यांना काही सांगणार, इतक्यात आक्काताईच म्हणाल्या, "साहेब काही हिशेब बघायला आलेले नाहीत."

"तुम्हाला कशावरून?"

"बाई जिन्याच्या आणि त्यांच्या मध्येच उभ्या राहतात. सकाळपासून बघतेय. माझी पोर चालायला लागली तवापासून मी तशीच उभी राहते."

"त्यांच्या शर्टाचं वरचं बटण शिवून टाकलंय," शाहिदाभाभी म्हणाली. "सारखं काढत असणार. आणि आल्या आल्या बाईंनी पहिलं काय केलं? फाटकाला कडी आहे का बघितलं. मी पण तेच केलं, म्हणून समोरासमोर आलो आम्ही."

तिघींनी एकमेकींकडे बघितलं. मी प्रयोगशाळेत काम केलेलं आहे; लग्नाआधी आणि नंतर काही वर्षं एका दूध संघात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. एकाच नमुन्याचं तीन ठिकाणी तेच निदान आलं की मग शंका घ्यायची नसते.

"चार दिवस बाई झोपायच्या नाहीत बघा," आक्काताई म्हणाल्या. "आणि आम्हाला झोपा म्हणून ओरडणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी श्वसन चालू होतं. बाई डोळे मिटायला सांगत होत्या आणि स्वतः उघडे ठेवत होत्या. पन्हाळ्याचा वारा, खाली दरीत धुकं, आम्ही नाकपुडी दाबून बसलेल्या. तेवढ्यात फाटक खडखडलं.

"मला साइटवर जायचंय," साहेब ओरडत होते. "जीप कुठंय? कुणी कुलूप घातलं हे?"

बाई धावल्या. "अहो, आत चला. आज सुट्टी आहे."

"सुट्टी? पाणी सुट्टी घेतं का?"

"आत चला म्हणते ना. लोक बघतायत."

"तू कोण मला सांगणारी?"

बाईंनी त्यांचा हात धरला, त्यांनी तो झटकला. बाई मागच्या मागे फाटकावर आदळल्या. शाहिदाभाभी माझ्याआधी उठली होती, पण ती त्यांच्याजवळ गेली नाही. दोन हात अंतरावर उभी राहून म्हणाली, "चला साहेब, साइटवर जाऊ. चहा घेऊन निघायचं का न घेता?"

साहेब थांबले. "कोण तुम्ही?"

"साइटवरचीच माणसं."

"चहा घेऊन," साहेब म्हणाले.

नाही म्हणायचं नसतं. दोन वाटा पुढे ठेवायच्या, दोन्ही आपल्याला हव्या त्याच गावाला जाणाऱ्या. चहा होईपर्यंत मी इकडेतिकडे बघत होते. कंपाउंडच्या कडेला जास्वंदीची रांग होती आणि नळाचं पाणी तिथवर न पोहोचता मध्येच मुरत होतं. मी तांब्याभर पाणी घेऊन साहेबांजवळ गेले.

"साहेब, पाणी त्या टोकाला पोहोचत नाही. बघता का?"

त्यांनी जमिनीकडे बघितलं. चेहरा बदलला. खाली बसले, तळहात मातीवर आडवा धरला, एक डोळा मिटला. "उतारच दिला नाहीये," ते तुच्छतेने म्हणाले. "कुठल्या गाढवानं लाइन टाकली ही?"

"बदलीवर गेला तो," आक्काताई म्हणाल्या. "आता तुम्हीच सांगा कशी टाकायची."

दुपारपर्यंत फाटकाकडे कुणी बघितलं नाही.

बाई पायरीवर बसून होत्या. कोपर खरचटलं होतं. मी डेटॉल घेऊन गेले तर म्हणाल्या, "मगदूम, तुम्ही विश्रांतीला आलाय. हे असलं काही करायचं नाही तुम्ही."

"हो."

"त्यांना जरा विस्मरण होतं. वयामुळे."

"हो."

"सगळ्या जिल्ह्याचं पाणी यांच्या एका सहीवर सुटायचं." बाईंचा आवाज वर्गातला राहिला नव्हता. "घरी ठेवायला माणूस मिळत नाही. दोन दिवस राहतात, तिसऱ्या दिवशी जातात. कारेकरांना कळलं तर म्हणतील, बाई सरकारी खर्चानं नवऱ्याला थंड हवेला घेऊन आल्या."

"सरकारी कुठं, कंपनीचा खर्च," आक्काताई मागून म्हणाल्या. "बाई, एक सांगू? रागवू नका. तुमचं वेळापत्रक चांगलंय. दुपारी सक्तीची झोप लिहिलंय ना त्यात? जावा, झोपा."

"ते तुमच्यासाठी आहे!"

"आम्हाला झोपच येईना. नजरेसमोर कुणी धडपडत असलं की आमचा डोळा लागत नाही, सवयच नाही. तुम्ही झोपलात की आम्हालाही जरा बरं वाटेल."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "त्यांचं जेवण मी बघते. गळ्यावरून कसं चोळायचं ते मला येतं."

त्या उठून आत गेल्या. थोड्या वेळाने मी डोकावले तर चष्मा, साडीची पिन, घड्याळ सगळं अंगावर तसंच, आणि बाई घोरत होत्या. संध्याकाळी उठल्या, चहा घेतला, परत झोपल्या. पुढचा पूर्ण दिवस त्या जेवणापुरत्या उठल्या असतील. वेळापत्रकाकडे कुणीही फिरकलं नाही. साहेबांनी जास्वंदीपर्यंत कालवा नेला. त्यांना तो पुढे तुळशीपर्यंत न्यायचा होता. आम्ही चिखलात बसून त्यांच्या हाताखाली काम करत होतो. मुख्य कालवा, मग वितरिका, मग शेतचाऱ्या. शाहिदाभाभी दगड निवडायची, आक्काताई भराव घालायच्या, मी लहान डब्याने मोजून पाणी सोडायचे. मुलांची आठवण यायची तीही कामासारखीच यायची, हाताबरोबर, बोलण्याच्या ओघात.

"माझा असता तर हा सगळा कालवा एका लाथेत," शाहिदाभाभी म्हणायची.

"माझी असती तर प्याली असती," आक्काताई म्हणायच्या.

कारेकरसाहेब दुपारी येणार होते ते सकाळीच आले. तिशीतला तरुण, गळ्यात ओळखपत्र, पायात चकचकीत बूट. आम्ही तिघी कोपरापर्यंत चिखलात. आक्काताईंच्या कपाळालाही चिखल. साहेब लुंगी खोचून, हातात काठी घेऊन मध्ये उभे. आणि बाई आत झोपलेल्या.

झालं, मी मनात म्हटलं. ज्यांनी विश्रांती घ्यायची त्या मजुरी करतायत आणि जिने त्यांना विश्रांती द्यायची ती घोरतेय. ऑपरेशन गेलं.

कारेकर बराच वेळ फाटकातच उभे राहिले. मग हळू आवाजात मला म्हणाले, "चालू द्या, चालू द्या. सेशन मध्येच थांबवू नका."

"काय?"

"हे मातीचं. ग्रेट आहे. आमच्या मॅनेजर लोकांना हेच करायला लोणावळ्याला नेतात, मडकी करायला लावतात. दोन दिवसांचे काय वाट्टेल ते पैसे घेतात." त्यांनी साहेबांकडे बोट न दाखवता, आदराने हनुवटीने खूण केली. "सर कुठले?"

मी उत्तर देण्याआधी साहेबांनीच त्यांना बघितलं होतं. "बूट काढा," साहेब गरजले. "कालव्यात बूट घालून उतरायचं नाही."

कारेकरांनी बूट काढले. मोजेही काढले. साहेबांनी त्यांच्या हातात तांब्या दिला आणि म्हणाले, "सोडा. घाई करायची नाही. पाणी पुढं जातंय, त्याच्याकडं बघा. दुसरीकडं कुठंही बघायचं नाही."

कारेकर उकिडवे बसले आणि पाण्याकडे बघू लागले. खिशातला फोन वाजला, त्यांनी तो बंद केला. पाणी वळणावर अडलं, मग कडेने वाट काढून पुढे सरकलं, तेव्हा ते लहान मुलासारखे "गेलं!" म्हणून ओरडले. साहेबांनी त्यांच्या डोक्यावर टपली मारली. "गेलं म्हणू नका. पोचलं का, ते बघा."

"सर, ही पद्धत कुठं डेव्हलप केली तुम्ही?"

"राधानगरीला," साहेब म्हणाले. "सगळी हयात गेली."

कारेकरांनी मान डोलावली. मग हात धुवायला ते नळापाशी आले आणि मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही सायन्सच्या आहात असं फाईलमध्ये वाचलं. मोघम नको. सरांच्या मार्गदर्शनाचा तुम्हाला नेमका फायदा काय झाला?"

आक्काताई आणि शाहिदाभाभी दोघीही माझ्याकडे बघत होत्या. खरं सांगितलं तर साहेब आजारी, आम्ही कामावर, योजना बंद. खोटं सांगणं मला जमत नाही. ही फुशारकी नव्हे, एक प्रकारचं अपंगत्वच म्हणा. दूध संघात आम्हाला एक गोष्ट शिकवली होती: जे दिसलं ते सांगायचं, अर्थ ज्याचा त्याने लावावा. मी जे दिसलं ते सांगितलं.

"परवा सकाळपासून मी यांच्यासोबत आहे. तेव्हापासून मला मुलीची काळजी करायला सवडच मिळाली नाही. बाकी दोघींचंही तसंच."

"वा," कारेकर म्हणाले, आणि परत एकदा, "वा."

नेमक्या त्या वेळी बाई दारात आल्या. केस सुटलेले, गालावर उशीचे वळ. इतक्या ताज्यातवान्या मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. समोर कारेकर अनवाणी, साहेब लुंगीत. बाईंचा हात दाराच्या चौकटीवर गेला.

"मॅडम, हे सर..." कारेकर म्हणाले.

"हे माझे मिस्टर," बाई म्हणाल्या. मान वर करून म्हणाल्या. आता पुढचंही सांगणार हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"काय सांगता! मग इतके दिवस लपवून का ठेवलंत यांना?"

 त्या प्रश्नाला द्यायचं उत्तर बाई कित्येक वर्षं तयार करत असणार, पण तो या सुरात विचारला जाईल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

"त्यांना... आवडत नाही लोकांत मिसळायला," त्या म्हणाल्या.

"मोठी माणसं अशीच," कारेकर म्हणाले.

महिन्याभरात बाईंनी आम्हा तिघींना घरी बोलावलं. चहा झाला. साहेब गॅलरीत कुंड्यांच्या ओळीत पाणी कसं खेळवावं याचा विचार करत बसले होते. बाई म्हणाल्या, "मंजूर झालं. तीन वर्षं. दर वेळी दहा दिवस. साहेबांना मार्गदर्शक म्हणून मानधन."

शाहिदाभाभीने टाळी वाजवली. माझा हात नकळत पोटावर गेला, पट्ट्यावर.

"थांबा," बाई म्हणाल्या. "कारेकरांनी एक सुधारणा केलीये. मावश्यांचा खर्च काढून टाकलाय. त्यांचं म्हणणं, सरांच्या सहवासात आयांना मुलांची काळजीच वाटत नाही, असं लाभार्थींनीच सांगितलंय. मग मुलांना त्यांच्यापासून लांब ठेवायचं कशाला? मुलांनाही आणा. त्यांनाही लाभ होऊ दे."

 गॅलरीतून पाण्याचा आवाज येत होता.

"माझंच वाक्य," मी म्हटलं.

"तुमचंच."

"म्हणजे दहा दिवस सुट्टी," आक्काताई सावकाश म्हणाल्या, "आणि पोरं काखेत. हे तर घरीच चाललंय की. नुसतं डोंगरावर जाऊन करायचं."

बाई ताठ बसल्या. "मी त्यांना खरं कळवते. साहेबांना काय झालंय ते स्पष्ट कळवते. आपण नव्यानं मागू अनुदान."

"आणि नाही दिलं तर?"

"तर नाही." बाईंनी माझ्याकडे बघितलं. "मगदूम, तुम्ही एवढ्या पांढऱ्या का पडलात?"

तेव्हा मी सांगितलं. हर्निया, डॉक्टर, दहा दिवस, सगळं. स्थिर आवाजात सांगायचं ठरवलं होतं, पण मधेच आवाज गेला आणि उरलेलं मी पदर बाजूला करून पट्टा दाखवून पूर्ण केलं. शाहिदाभाभी म्हणाली, "या अल्ला, आणि तू मातीच्या पाट्या उचलत होतीस?"

"पाट्या आक्काताई उचलत होत्या. मी डबा."

 मग आक्काताईंनी कप खाली ठेवला. "ह्यात रडण्यासारखं काय आहे? पोरं आणायची म्हणतोय ना तो? आणू. मैत्रेयीला पण आणू. ही मात्र येणार नाही. ही दवाखान्यात जाईल. माझी पोर ढीगभर आहे, तिच्यासोबत ह्या चिमणीला उचलायला मला काय जड?"

"आणि कारेकर आले तर?" मी विचारलं. "लाभार्थी जागेवर नको?"

"मी बत्तीस वर्षं नोकरी केली," बाई म्हणाल्या. "एकाही मुलीची खोटी हजेरी लावली नाही."

"आम्ही कुठं खोटं म्हणतोय?" शाहिदाभाभी म्हणाली. "ती उसंतीवरच असणार आहे. फक्त गडावर नाही, खाली आहे एवढंच."

बाई गॅलरीत गेल्या, साहेबांच्या हातातली झारी नीट धरवली, परत आल्या. "डॉक्टरांची तारीख घ्या," त्या मला म्हणाल्या.

ऑपरेशन कोल्हापुरात झालं. त्याच दिवशी पन्हाळ्यावर मैत्रेयी, आक्काताईंची पोर, भाभीचा मुलगा आणि साहेब अशी चार माणसं तिघी बायकांनी सांभाळली, आणि माझ्या माहितीप्रमाणे त्या तिघींपैकी कुणीही क्षणभरदेखील विश्रांती घेतली नाही. भूल उतरल्यावर मी डोळे उघडले, छताकडे बघितलं, आणि कुणाचा आवाज ऐकू येतो का याची वाट बघितली. काहीच आलं नाही. मी परत डोळे मिटले. अशी मी दोन दिवस झोपले. अजित कामावरून येत, माझ्याकडे बघत बसत आणि जात. नंतर ते म्हणाले, तू इतकी गाढ झोपतेस हे मला लग्नाला बारा वर्षं होऊनही माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाई पन्हाळ्याहून एसटीने खाली आल्या, मला बघायला. साहेबांना आक्काताईंकडे सोपवून आल्या होत्या. स्टुलावर बसल्या. आधी मैत्रेयीचं सांगितलं: जेवते, झोपते, काल चिखल खाल्ला, आक्काताईंनी तोंडात बोट घालून काढला. मग इकडे तिकडे बघून खुर्ची ओढावी तसं स्टूल पुढे ओढलं.

"काल कारेकर आले होते."

मी उठायला गेले. त्यांनी खांद्याला धरून झोपवलं.

"न सांगता आले. बूट फाटकातच काढले. साहेबांच्या पाया पडले. मुलं सगळी कालव्यात. ते बघून त्यांना भरून आलं. फोटो काढले. मग म्हणाले, त्या सायन्सवाल्या मॅडम दिसत नाहीत?"

"मग?"

"आक्काताईंनी तोंडात पदर कोंबला. शाहिदा दगड मोजायला लागली. म्हणजे सांगायचं मीच." बाईंनी चष्मा काढून पुसला. "मी खोटं बोलले नाही, मगदूम. मी म्हटलं, त्या झोपल्यात."

"मग? बघायला गेले खोलीत?"

"मला वाटलं जातील. पण त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. म्हणाले, 'उठवू नका त्यांना. त्यासाठीच तर हे सगळं आहे.' आणि जाईपर्यंत, मुलांशीसुद्धा, हळू आवाजात बोलत होते. साहेब ओरडायला लागले की त्यांनाही म्हणायचे, सर, मॅडम झोपल्यात."

बाई हे सगळं मुख्याध्यापिकेच्या चेहऱ्याने सांगत होत्या. शेवटी शेवटी तो चेहरा त्यांना टिकवता आला नाही.

डॉक्टरांनी मला टाके काढेपर्यंत दोन गोष्टींची सक्त मनाई केली होती, वजन उचलायचं नाही आणि जोरात हसायचं नाही. वजन मी उचललं नाही.